यवतमाळपर्यंतचं तिकीट

गझाला शेखला एसटीत कंडक्टर होऊन एकोणीस वर्षं झाली. पांढरकवड्यात तिचं माहेर आणि सासर दोन गल्ल्यांच्या अंतरावर. वडील हायवेवरच्या गॅरेजात ट्रकची इंजिनं खोलायचे, नवरा जुनेद ट्रकच्या केबिनी रंगवतो. बाई माणूस गाडीवर चढली तेव्हा मोहल्ल्यात चार दिवस कुजबुज झाली, पाचव्या दिवशी लोक तिलाच गाडीची वेळ विचारायला लागले. आता ती एकोणपन्नास वर्षांची आहे. सकाळच्या पहिल्या फेरीला दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरते, उजवा पाय आधी वर टाकते आणि डावा गुडघा मागून ओढून घेते. गर्दीतून सरकताना सीटच्या पाठीला कंबर टेकवून एक श्वास घेते आणि मग पुढच्याला विचारते, "कुठी?"

कंडक्टरला पोरांचं वयही विचारावं लागायचं. बारा वर्षांच्या आत अर्धं तिकीट, म्हणून. हजारो पोरांना विचारून विचारून तिला एक गोष्ट कळली होती. आईसोबत असलेलं पोर वय सांगायच्या आधी आईच्या तोंडाकडे पाहतं. घरातून निघून आलेलं पोर झटकन सांगतं, पाठ केल्यासारखं. असं झटकन उत्तर आलं की गझाला थांबायची. पायात चप्पल आहे का, हातात पिशवी आहे का, शाळेच्या वेळेला शाळेच्या उलट दिशेनं चाललंय का, एवढं बघून घ्यायची.

अशी सात पोरं तिनं गाडीत ओळखली होती. त्यात आठवडी बाजाराच्या गर्दीत भलत्याच गाडीत चढलेली एक बोबडी मुलगी होती. विमान पाहायला नागपूरला निघालेले दोघं भाऊ होते. सगळ्यांना तिनं जवळच्या पोलिसांकडं दिलं, सगळ्यांचे आईबाप रडत आले आणि घेऊन गेले. आपल्या हातून चांगलं काम होतं, असं तिला वाटायचं. रात्री गुडघ्याला तेल चोळताना जुनेदला सांगायची, तोही ऐकायचा.

आठवी वैष्णवी.

बायांना अर्धं तिकीट सुरू झालं, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. झरीहून परतीच्या फेरीत एका फाट्यावर ती चढली. अंगात दोन ड्रेस, एकावर एक. आतल्याची बाही बाहेरच्या बाहीतून दोन बोटं खाली आलेली. थंडी होती, पण एवढी नव्हती.

"वय किती बेटा?"

"अठरा."

चौदाच्या वर एक दिवस नसेल. तिकीट पांढरकवड्याचं मागितलं. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "मावशी, तिथं नागपूरची गाडी कुठी लागते?"

वाटेतल्या एका मोठ्या गावच्या स्टँडवर पोलीस चौकी होती. गझालानं तिचा हात धरून तिला खाली उतरवलं. पोरीनं ओढाओढ केली नाही. चौकीच्या पायरीशी थांबून फक्त म्हणाली, "मावशी, माह्यं ऐकून तं घ्या."

गाडी आधीच अर्धा तास उशिरा होती. दारात पुढचे प्रवासी लोंबकळत होते, मशीनमध्ये कागद अडकला होता. गझाला म्हणाली, "घरी जाऊन मायजवळ सांगजो बेटा." तिला चौकीत बसवलं आणि ती परत गाडीवर चढली.

संध्याकाळी पोरीचा बाप आला, एका कागदावर सही केली आणि तिला घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात गझालाचा सत्कार झाला. शाल, नारळ, पेपरात फोटो. जुनेदनं ते कात्रण गॅरेजातल्या रंगाच्या डब्यांच्या वर चिकटवलं.

दीड महिन्यानं वैष्णवी पुन्हा गाडीत चढली. पिवळी साडी, गळ्यात मंगळसूत्र, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. बाजूला तिशीतला एक माणूस. "दोन द्या," तो म्हणाला. गझालाची बोटं मशीनवर तशीच राहिली. वैष्णवीनं वर पाहिलं, तिला ओळखलं. तिच्या नजरेत राग नव्हता. गावातल्या कुणाही बाईकडं पाहावं तसं तिनं पाहिलं आणि खिडकीकडं तोंड केलं.

त्याच फाट्यावरून चढणाऱ्या एका म्हातारीनं नंतर सगळं सांगितलं. लग्न तेव्हाच ठरलं होतं, म्हणूनच पोरगी पळाली होती. ती सापडल्यावर घरच्यांनी तारीख आणखी अलीकडं आणली.

गझाला तीन दिवस फोन हातात घेऊन बसली. १०९८ हा पोरांच्या मदतीचा नंबर आगारातल्या भिंतीवर लिहिलेला होता, तिला पाठ होता. पण काय सांगायचं? तूच तर आणून दिलीस, असं कुणी म्हटलं तर? चौथ्या दिवशी तिनं फोन पर्समध्ये टाकला. त्यानंतर वैष्णवी दोनदा दिसली, एकदा पोट घेऊन, एकदा बाळ घेऊन. मग ते कुटुंब आदिलाबादकडं कामाला गेलं म्हणतात. पुन्हा दिसली नाही. गॅरेजातलं कात्रण गझालानं एक दिवस काढून टाकलं. जुनेदनं कारण विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. भगवानराव ड्रायव्हर तिच्यासोबत अकरा वर्षं गाडीवर. घरात कोणती भाजी जळाली तेसुद्धा ती त्यांना सांगायची. त्यांनाही हे सांगितलं नाही.

बायांना सरसकट अर्धं तिकीट झाल्यावर मुलींना वय विचारायचं कारणच उरलं नाही. बाकीच्या कंडक्टरांना बरं वाटलं. गझाला मात्र विचारत राहिली, पण आता विचारताना तिला धास्ती वाटायची. उत्तर आलं की पुढचं सगळं आपल्या गळ्यात पडणार. काही दिवस ती विचारायचीच नाही. खाली मान घालून तिकीट द्यायची, पुढं सरकायची, आणि मग रात्रभर त्या न विचारलेल्या पोरीचा चेहरा आठवत बसायची.

मागच्या दिवाळीनंतरचा तो शुक्रवार तसाच होता. कापूस वेचणीचे दिवस, गाडीत अर्ध्या वेचणीवाल्या बाया. यवतमाळची सकाळची फेरी मोहदा सोडून पुढं आली आणि टेंभरदरा फाट्यावर एक मुलगी चढली. नवाकोरा जांभळा कुर्ता, खाली शाळेची पांढरी सलवार. केसांच्या दोन वेण्या सोडून एक केलेली, पण रिबिनीचे दाब अजून केसांवर दिसत होते. पाठीला दप्तर.

गझालाच्या मनात आलं, नाही विचारत. आज नाही.

"यवतमाळ एक," मुलगी म्हणाली.

"वय किती बेटा?" तोंडातून निघूनच गेलं.

"एकोणीस."

झटकन.

गझालानं तिकीट दिलं. बाकीची गाडी उरकली, मग येऊन तिच्या शेजारी बसली. अकरा वर्षांत भगवानरावांनी तिला फेरीत असं बसताना क्वचितच पाहिलं होतं. त्यांनी आरशातून एकदा बघितलं.

"नाव काय तुह्यं?"

"निकिता."

"कोणाकडं चालली?"

"आत्याकडं."

"आत्या कुठी राह्यते?"

"म्हणजे... परीक्षेचा फॉर्म भरायचा हाय. कॉलेजात."

"मायचा नंबर सांग. मी सांगतो, पोरगी बरोबर बसली म्हून."

निकितानं नंबर सांगितला. तो लागलाच नाही. गझालानं पुन्हा विचारलं. आता आई दवाखान्यात भरती झाली होती. प्रत्येक उत्तर पहिल्यापेक्षा वेगळं, आणि तरी पोरगी घाबरलेली दिसत नव्हती. उलट तिच्या तोंडावर हसू होतं. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात फोन थरथरला की ती हात घालून बघायची, पुन्हा ठेवायची, ओठ आवळून हसू लपवायची. गझालाला वाटलं, हिला सुटल्याचा आनंद झालाय. काहीतरी असं मागं सोडून आलीय की गाडीत बसल्यावरच जीव मोकळा झाला.

"हे पाह्य बेटा," ती हळू म्हणाली, "तू मले खरं सांग. मी तुले घरी नाही पाठवत. घरी काही होऊन राह्यलं काय? लगन लावून राह्यले? कोणी मारते?"

निकितानं तिच्याकडं पाहिलं. कायतरी विचार केला. मग मान खाली घातली आणि हळूच हलवली, हो म्हटल्यासारखी.

गझाला उठली, मागच्या दारापाशी गेली आणि १०९८ लावला. पलीकडच्या बाईनं सगळं लिहून घेतलं. मुलीला वाटेत कुठंही उतरवू नका, स्टँडवर आमचा माणूस आणि महिला पोलीस येतील, तोवर सोबतच ठेवा, असं सांगितलं. गझालाच्या डोक्यावरचं ओझं एक बोटभर कमी झालं. या वेळी नीट होईल.

जोडमोह्याच्या अलीकडं दोन मोटरसायकली हॉर्न वाजवत गाडीच्या पुढं आल्या आणि आडव्या लागल्या. भगवानरावांनी ब्रेक मारला. बायांच्या मांडीवरचे डबे पुढं घसरले.

एक माणूस दारावर हात मारत वर चढला. पंचेचाळिशीचा, पायात शेतातल्या चिखलानं भरलेल्या चपला, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. फाट्यावरच्या कुणीतरी फोन करून सांगितलं होतं की तुही पोरगी यवतमाळच्या गाडीत दिसली. त्याच्या मागून त्याचा भाऊ आणि गावातला एक तरणा गडी चढला.

"निकिता! चाल खाली."

निकिता सीटवरून घसरून खाली बसली आणि तिनं दोन्ही हातांनी गझालाची बाही धरली. "मावशी, मले देऊ नका. मारून टाकतीन मले."

ते ऐकून गझालाचं काय झालं, ते तिला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. ती सीट आणि तो माणूस यांच्या मध्ये उभी राहिली. गुडघा दुखत होता हेही विसरली.

"कोण तुम्ही?"

"गोपाल ठाकरे. बाप हाय मी तिचा. सरका."

"मी नाही देत."

"काहून नाही देत? माह्यी पोरगी हाय!"

"असन. पण तिचं तिकीट यवतमाळपर्यंतचं हाय. तिथं साहेबलोक येऊन राह्यले, त्याईच्यासमोर घ्या."

मागचा तरणा गडी तिच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडं वाकला आणि मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करत वाचू लागला, "ग-झा-ला..." वेचणीवाल्या बाया एकमेकींकडं बघत होत्या. गोपालनं मागं वळून त्याला म्हटलं, "तू चूप राह्य रे. नावाचं काय करायचं हाय? मले माह्यी पोरगी पाहिजे." मग पुन्हा गझालाकडं, "बाई, तुम्ही पोरगी पळवून नेऊन राह्यल्या. मी रिपोर्ट करन."

"करा."

"आवं, आमचा उशीर होऊन राह्यला ना," मागून एक प्रवासी म्हणाला. "द्या ना त्याले त्याची पोरगी. त्याईच्या घरचं भांडण."

भगवानराव इतका वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते. ते न वळताच म्हणाले, "गोपालभाऊ, गाडीत बसा. तुमची पोरगी तुमच्या डोळ्यासमोर राह्यते. यवतमाळ येते पाऊण घंट्यात."

गोपाल उभाच राहिला. त्याचा जबडा हलत होता. शेवटी भावाला म्हणाला, "तू गाडी घेऊन मांगून ये." मोटरसायकली बाजूला झाल्या. गझालानं बेल दिली. मशीनमधून एक तिकीट काढलं आणि गोपालपुढं धरलं. त्यानं ते घेतलं.

पाऊण तास तो उभा होता. मागं जागा होती, पण बसला नाही. वरचा दांडा धरून पोरीकडं बघत होता, आणि पोरगी खिडकीबाहेर. मध्ये गझाला. एकदा तो म्हणाला, "निकू, पाणी पितं काय?" तिनं मान हलवली नाही. गझालाच्या मनात आलं, असाच गोड बोलत असेल वैष्णवीचा बापही. तिनं त्याच्याकडं बघायचं टाळलं.

यवतमाळच्या स्टँडवर मदत केंद्राचा बाबूसिंग राठोड उभा होता, चोवीस-पंचवीस वर्षांचा, खांद्याला कागदांची झोळी. सोबत एक महिला शिपाई, साध्या कपड्यात. निकिता खाली उतरली ती इकडंतिकडं मान उंचावून बघायला लागली. बाबूसिंगकडं नाही, बापाकडं नाही, कँटीनच्या बाजूला, रसवंतीच्या बाजूला. दप्तरात फोन थरथरत होता, थांबतच नव्हता.

महिला शिपाईनं तो फोन मागितला. तेव्हा पहिल्यांदा निकिता रडली.

"हा फोन आपला नाही," गोपाल म्हणाला. "आमच्या घरी एकच फोन हाय."

फोन कुणीतरी पार्सलनं तिच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर पाठवला होता. त्यात सहा महिन्यांचं बोलणं होतं. स्वतःला सतरा वर्षांचा म्हणवणारा एक 'आर्यन', गिटारच्या फोटोवाला, तिला यवतमाळहून पुण्याला नेणार होता, तिथं मोबाइल कंपनीत नोकरी लावून देणार होता. दप्तरात आधार कार्ड आण, घरी कुणाला सांगू नको, कुणी विचारलं तर वय एकोणीस सांग, कुणी अडवलं तर घरचे मारतात म्हण, असं त्यानंच लिहून पाठवलं होतं. शेवटचा मेसेज होता, 'गाडीत पोलीस आहे का?'

महिला शिपाई स्टँडभर फिरून आली. कोण तो, कसा दिसतो, कुणालाच माहीत नव्हतं. जो असेल तो गेला होता.

गझाला बाकावर बसली. परतीच्या फेरीची घोषणा झाली, तरी तिला उठता येईना. बाबूसिंगनं जबाबाच्या कागदावर तिची सही घेतली आणि म्हणाला, "मावशी, वाटेत बापासोबत उतरवून दिली असती तं हा फोन गावातच फुटला असता. मंग काहीच समजलं नसतं."

तो चांगल्यासाठीच बोलत होता. गझालाला मात्र गोपालची पाठ दिसत होती. तो कार्यालयाच्या भिंतीकडं तोंड करून उभा होता.

निकिताला त्याच दिवशी बालकल्याण समितीसमोर नेलं. चौकशी पुरी होईपर्यंत तिला मुलींच्या बालगृहात ठेवायचं ठरलं. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत दोन माणसं टेंभरदऱ्याला जाऊन आली. शेजाऱ्यांना विचारलं, गोपाल दारू पितो का, पोरीला मारतो का, लग्नाची बोलणी चालू होती का. विचारणं त्यांचं कामच होतं. पण गावानं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. नवव्या दिवशी पोरगी घरी आली तेव्हा गोपालच्या ओसरीवर बसायला कुणी येत नव्हतं.

त्यानं गझालाची तक्रार केली. पोरगी बळजबरीनं रोखून धरली, बापाला चोरासारखं वागवलं. आगारातून गझालाला खुलासा मागितला. तिनं दोन पानं लिहिली, फाडली, पुन्हा लिहिली. जुनेद जेवायचं ताट घेऊन बसला होता. "कितने दिन करेगी ये सब?" तो म्हणाला. "तिकीट फाड, घर आ. दुनिया के बच्चे तूने गिन के लिए हैं क्या?" ती लिहीतच राहिली. त्यानं तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि ताट पुढं सरकवलं.

तीन आठवड्यांनी तो 'आर्यन' परजिल्ह्यातल्या एका लॉजवर सापडला. वय चौतीस. त्याच्या फोनमध्ये आणखी दोन पोरींचे फोटो होते. एक वेळीच घरी परतली होती. दुसरीचा पत्ता लागला नव्हता. खटला उभा राहिला आणि गझाला साक्षीदार झाली. आगारानं तिचा खुलासा मान्य केला, पण साक्षीच्या तारखा सुरू झाल्या. सुटी टाकायची, यवतमाळला जायचं, कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर चार तास बसायचं, पुढची तारीख घेऊन परत यायचं. पहिल्या तारखेला वकील आले नाहीत, दुसऱ्या तारखेला जज्जसाहेब रजेवर. तिसऱ्यांदा तिचं नाव पुकारलं, तोवर चार वाजून गेले होते.

होळी होऊन गेली तेव्हा एक दिवस दुपारी गोपाल पांढरकवड्याच्या स्टँडवर आला. गझाला फेरी सुटायची वाट बघत पंख्याखाली बसली होती. तिनं त्याला ओळखलं आणि उठायला लागली.

"बसा, बसा बाई," तो म्हणाला आणि जरा अंतर ठेवून बाकावर बसला. दोघांनी चहा घेतला.

"मी तक्रार मांगं घेतली," तो म्हणाला.

"समजलं मले."

"तुम्ही मले चोरावाणी पाह्यलं गाडीत. मी तिले आजवर एक बोट लावलं नाही. लगनाचं तं माह्या मनातही नव्हतं. शिकवायचं होतं तिले."

गझालानं कप खाली ठेवला. "हो," ती म्हणाली. "पाह्यलं तसं. चुकलं माह्यं. माफ करा भाऊ."

त्याला बहुतेक वेगळं उत्तर अपेक्षित होतं. मग गझालानं त्याला वैष्णवीबद्दल सांगितलं. दोन ड्रेस, चौकीची पायरी, पिवळी साडी, बाळ. पहिल्यांदाच कुणाला सांगत होती, त्यामुळं मागचं पुढं होत होतं. न केलेल्या फोनचंही सांगितलं.

"ती पोरगी आता कुठी हाय?" त्यानं शेवटी विचारलं.

"आदिलाबादकडं म्हणतात."

"आडनाव काय सासरचं? माह्या साळ्याची तिकडं कापसाच्या जिनिंगमध्ये वळख हाय."

गझालाला आडनाव माहीत नव्हतं. गावाचं नावही ऐकीव. तेवढंच त्यानं फोनमध्ये लिहून घेतलं. यातून काही निघेल असं दोघांनाही वाटत नव्हतं.

"निकिता कशी हाय?" तिनं विचारलं.

"शाळेत जाते. मीच सोडून देतो, मीच आणतो." त्यानं कप बाकावर ठेवला. "माह्याशी बोलत नाही. मायशी बोलते थोडं थोडं. तिले वाटते, तो पोरगा खरा होता, आम्हीच त्याले फसवलं. चौतीस वर्षांचा हाय, त्याचा फोटो पोलिसाईनं दाखवला तिले, तरी नाही पटत. गाडीवर मांगं बसते तं मले पकडत नाही. खड्डा आला की मले भेव वाटते, पडन म्हून. हळू चालवतो."

"बोलन," गझाला म्हणाली. "टाइम लागते."

"तुम्हाले कसं माहीत?"

"नाही माहीत," ती म्हणाली.

तो थोडं हसला. मग म्हणाला, "त्या दुसऱ्या पोरीचा बाप कोर्टात भेटला मले. जिचा पत्ता नाही तिचा. त्यानं मले विचारलं, तुही पोरगी कशी सापडली. मी सांगतलं, गाडीत एक बाई होती. तो म्हणे, माह्या पोरीच्या गाडीतही असनच ना कोणीतरी."

फलाटावर गाडी लागली. भगवानरावांनी इंजिन चालू केलं आणि आरशातून तिच्याकडं पाहिलं. गझाला दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून उठली. गोपालनं रिकामे कप उचलले आणि टपरीवाल्याकडं नेऊन दिले.

साक्ष अजून पुरी झालेली नाही. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलानं तिला विचारलं, मुलगी स्वतः म्हणाली की घरचे मारतात, तरी तुम्ही आता म्हणता बापाचा दोष नाही; मग तुमचं नेमकं कोणतं खरं? तिनं सांगितलं, त्या वेळी मला तसं वाटलं, आता असं कळलं. लिहिणाऱ्यानं ते लिहून घेतलं. पुढची तारीख पावसाळ्यात आहे. त्या दिवसाची सुटी तिनं आत्ताच टाकून ठेवली आहे, कारण त्या आठवड्यात आषाढीच्या जादा गाड्यांमुळं आगारात माणसं कमी असतात आणि मग सुटी मिळत नाही.